यात्रेतला आलूबोंडा कुठून आला?

मागच्या खेपेला गटाच्या हिशोबाच्या वहीबद्दल बोलले होते. आज यात्रेत आपण जे उभ्याउभ्या खातो, त्याच्याबद्दल बोलायचं आहे. हसू नका, आलूबोंड्यालाही इतिहास असतो.

आपल्या गिरडची सगळ्यात जुनी गोष्टच मुळी माल विकत फिरणाऱ्यांची आहे. टेकडीवर सुपारी-जायफळाएवढे गोल दगड मिळतात. लहानपणी आपण सगळ्यांनीच ते ओच्यात गोळा केलेत. शेख फरीदबाबा साधारण 1244 च्या सुमारास या टेकडीवर येऊन राहिले, असं इंग्रजांच्या वेळच्या गॅझेटियरात लिहिलं आहे. दोन फिरते व्यापारी बाबांना हसले आणि त्यांच्या सगळ्या मालाचे दगड झाले. त्यांनी माफी मागितली, तेव्हा बाबांनी वाळलेल्या पानांचा नवा माल करून दिला. मग ते दोघं कुठे गेलेच नाहीत, बाबांच्या सेवेत राहिले. शिकलेले लोक सांगतात, हे दगड म्हणजे काळ्या खडकाच्या पोकळीत तयार झालेलं झिओलाइट. तेही खरं. पण मला गोष्टीतला एक भाग फार आवडतो: विकणाऱ्याला त्याचा माल परत मिळाला.

आता यात्रेतल्या दुकानांवरून एक चक्कर मारू. जिलेबी आणि हलवा ही नावं अरबी-फारसी मुलखातून आली. समोसाही तिकडचाच पाहुणा, वाटेत त्याच्या पोटात आलू भरला गेला. हा आलू दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांच्या जहाजांमुळे इकडे आला. बोंड्याचं बेसन मात्र आपलं. हरभरा इथे हजारो वर्षांपासून पिकतो.

आणि मिरची! तर्रीशिवाय पोहे ही कल्पनाच आपल्याला सहन होत नाही. हरभऱ्याचा लालभडक रस्सा, वर तेलाचा तवंग, वरून सांबार. पण पाचशे वर्षांपूर्वी या मुलखात मिरचीच नव्हती. तिखटासाठी मिरे होते, पिंपळी होती. मिरचीसुद्धा अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आली आणि अशी रुजली की शेजारच्या भिवापूरच्या मिरचीला आता सरकारी भौगोलिक मानांकन आहे. त्या भिवापुरात मिरचीच्या सातऱ्यावर दिवसभर बसून देठ खुडतात त्या बायाच. बोटांची आग रात्री झोपू देत नाही. ज्यांनी हे काम केलं आहे त्यांना मी काय सांगू? तर्रीचं कौतुक होतं, दुकानदाराचं नाव होतं. सातऱ्यावरच्या बाईचं नाव कोणी घेत नाही.

चहाचं थोडक्यात सांगते. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, पुढे हिंगणघाटकडेही रूळ आले. कापूस गेला आणि चहा आला. लोकांना सवय लागावी म्हणून चहाचा प्रचार करणाऱ्यांनी बाजारात, गिरण्यांत, स्टेशनांवर चहा पाजला. सवय लागली, हे तुम्हीच सांगाल.

पण चहा सगळ्यांना एकाच कपात मिळत नव्हता. माझी आजी सांगायची, तालुक्याच्या एका हॉटेलात काही लोकांचे कप बाहेर खुंटीला टांगलेले असायचे. चहा वरून ओतायचे. पिऊन झाला की कप ज्याचा त्याने विसळून परत टांगायचा. आजीने तो कप स्वतः विसळला होता. 1950 ला लागू झालेल्या आपल्या राज्यघटनेत कलम 17 ने अस्पृश्यता बंद केली, आणि कलम 15 मध्ये दुकान, हॉटेल यांचं नाव घेऊन सांगितलं की तिथे जात-धर्म बघून कोणाला अडवता येणार नाही. 1955 ला त्यासाठी शिक्षेचा कायदाही झाला. हॉटेलाचं नाव घटनेत का आलं असेल, हे आजीची गोष्ट ऐकली की समजतं.

हे सगळं आज काढायचं कारण सांगते. यात्रेत आपल्या गटाने आलूबोंडा आणि तर्री-पोह्यांचं दुकान लावायचं ठरवलं. भांडी ठरली, तेल ठरलं, आलू किती किलो ते ठरलं. मग एक बाई हळूच म्हणाल्या, "अमक्या ताईले मांगं आलू सोलाले बसवू, समोर नोको. लोक खातीन का नाई, का माहीत." खोलीत सगळ्या गप्प झाल्या. ती ताई समोरच बसली होती. खरं सांगते, मीही लगेच काही बोलले नाही. त्याची लाज अजून वाटते.

बोलली ती आमच्यातली सगळ्यात म्हातारी मावशी. म्हणाली, "तिच्या हातचा बोंडा फुटत नाई वो बाई. तुह्या हातचा फुटते. मंग कढईवर कोण बसन?"

मग ताई कढईवर बसली. नफा-तोट्याची वही माझ्याकडे आहे, पण हे त्यात लिहिलेलं नाही म्हणून इथे सांगते. दोघं-तिघं जवळ आले, ताईकडे पाहिलं, काहीतरी पुटपुटले आणि पुढच्या दुकानावर गेले. आम्ही पाहिलं, तिनेही पाहिलं. तिने झारा खाली ठेवला नाही. टेकडीवरून उतरणारी माणसं येत गेली, टोपीवाली, टिळ्यावाली, लेकरं घेतलेल्या बाया. दुपारी दीड वाजता तर्री संपली. पोहे उरले, ते आम्ही कोरडेच खाल्ले, ताईने वाढलेले.

पुढच्या यात्रेसाठी भिवापूरची मिरची आताच सांगून ठेवायची आहे. किती किलो घ्यायची, ते ताई मंगळवारच्या बैठकीत सांगणार आहे. ज्यांच्या हातचा बोंडा फुटतो, त्यांनी थोडं लवकर या.