कळफलक बदलणे इतके अवघड का? क्वर्टी, ड्वोराक, कोलमॅक आणि इनस्क्रिप्ट (थ्रेड)

१/
इंग्रजी कळफलकावर अक्षरांची वरची ओळ क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय अशी सुरू होते. ही मांडणी सुमारे दीडशे वर्षांची आहे. तिच्याहून सोयीच्या मांडण्या निघाल्या, त्यांची पेटंट घेतली गेली, सरकारी चाचण्याही झाल्या. तरी ती हटली नाही. त्याचे कारण यंत्रात कमी आणि शिकलेल्या बोटांत अधिक सापडते.

२/
अमेरिकेतील मिलवॉकी शहराचे क्रिस्टोफर शोल्स यांनी सहकाऱ्यांसह १८६८ मध्ये टंकलेखनयंत्राचे पेटंट मिळवले. १८७३ मध्ये रेमिंग्टन कंपनीशी करार झाला आणि १८७४ मध्ये यंत्र बाजारात आले. टंकलेखकांचा वेग मुद्दाम कमी करण्यासाठी क्वर्टी रचली, ही कथा लोकप्रिय आहे. तिला भक्कम समकालीन पुरावा मात्र नाही. जपानी संशोधक कोइची व मोतोको यासुओका यांनी २०११ मध्ये वेगळे मत मांडले. मोर्सचे संदेश ऐकून टंकित करणाऱ्या तारखात्यातील लोकांच्या गरजांनी या मांडणीला आकार दिला, असे त्यांचे म्हणणे आहे.

३/
२५ जुलै १८८८ रोजी सिनसिनाटी येथे टंकलेखनाची गाजलेली स्पर्धा झाली. फ्रँक मॅकगरिन हे रेमिंग्टन यंत्रावर, कळांकडे न पाहता, दहाही बोटांनी लिहीत. त्यांनी लुई ट्राउब यांना हरवले. न पाहता लिहिण्याच्या पद्धतीला यातून प्रतिष्ठा लाभली. या पद्धतीत मांडणी डोळ्यांपुढे राहत नाही, ती बोटांच्या सवयीत उतरते. आणि सवय बदलणे यंत्र बदलण्याहून महाग असते.

४/
सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील शिक्षणमानसशास्त्रज्ञ ऑगस्ट ड्वोराक यांनी या सवयीलाच आव्हान दिले. मेहुणे विल्यम डीली यांच्यासह त्यांनी इंग्रजीतील अक्षरांची वारंवारता आणि हातांच्या हालचाली अभ्यासल्या. त्यांच्या मांडणीला १२ मे १९३६ रोजी पेटंट मिळाले.

५/
मांडणीचे तत्त्व साधे होते. बोटे जिथे टेकलेली असतात त्या मधल्या ओळीत डाव्या हाताखाली पाचही स्वर, तर उजव्या हाताखाली सर्वाधिक लागणारी व्यंजने. त्यामुळे दोन्ही हात आळीपाळीने चालतात आणि बोटांना वर-खाली कमी धावावे लागते. नवशिक्यासाठी ही रचना तर्कशुद्ध होती. क्वर्टी शिकलेल्याचे मात्र जवळजवळ सारेच पुसले जाई: २६ अक्षरांपैकी केवळ ए आणि एम ही दोनच जुन्या जागी राहिली.

६/
दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये, अमेरिकी नौदलाने १४ टंकलेखकांना ड्वोराक शिकवले. ५२ तासांच्या सरावात त्यांनी जुना वेग गाठला आणि पुढे तो ओलांडला, असे अहवाल सांगतो. परंतु तुलनेसाठी घेतलेल्या क्वर्टी गटाचा वेग त्याच पद्धतीने मोजलेला नव्हता. शिवाय त्या काळात नौदलात काल-गती अभ्यासाचे प्रमुख तज्ज्ञ स्वतः ड्वोराकच होते.

७/
१९५६ मध्ये अर्ल स्ट्राँग यांनी अमेरिकी सरकारसाठी पुन्हा चाचणी घेतली. दहा टंकलेखकांना दररोज चार तास शिकवूनही जुना वेग गाठण्यास २५ दिवसांहून अधिक काळ लागला. म्हणजे शंभराहून अधिक तास. त्यानंतर क्वर्टीवरच सराव वाढवणारा गट अधिक प्रगती करताना दिसला. स्ट्राँग यांचे मत आधीपासून ड्वोराकविरोधी होते, असा आक्षेप पुढे घेतला गेला. पण सरकारी बदलाची शक्यता मावळली.

८/
१९८५ मध्ये अर्थेतिहासकार पॉल डेव्हिड यांनी क्वर्टीला सिद्धान्ताचे उदाहरण बनवले: एकदा रूढ झालेली वाट तिच्याहून चांगली वाट सापडली तरी सुटत नाही. १९९० मध्ये लीबोविट्झ आणि मार्गोलिस यांनी उलट तपासणी केली. ड्वोराक खरोखर इतकी श्रेष्ठ होती याचा विश्वसनीय पुरावाच नाही, असा त्यांचा दावा होता. वाद वेगाचा होता. पण दोन्ही चाचण्यांनी एक गोष्ट निर्विवाद दाखवली होती. आधी शिकलेल्या माणसाला मागे जाऊन पुन्हा सुरुवात करावी लागते.

९/
हे ओळखून शाय कोलमन यांनी २००६ मध्ये कोलमॅक ही मांडणी प्रसिद्ध केली. तिच्यात १७ कळा बदलतात आणि दहा अक्षरे जागेवर राहतात. झेड, एक्स, सी, व्ही तिथेच असल्याने ‘कॉपी’, ‘पेस्ट’ यांसारख्या आज्ञांची सवय मोडत नाही. पुढे ‘टारमॅक’ नावाच्या मधल्या पायऱ्याही तयार झाल्या. पहिल्या पायरीत ई, जे, के, एन ही चारच अक्षरे जागा बदलतात. ती अंगवळणी पडल्यावर पुढची पायरी. येथे वेगाइतकाच विचार संक्रमणाचा आहे.

१०/
हाच प्रश्न भारतीय लिप्यांपुढेही उभा राहिला. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट मांडणी प्रमाण ठरवली. १९९१ च्या भारतीय मानकातही तिचा समावेश झाला. डावीकडे स्वर, उजवीकडे बहुतांश व्यंजने हे तिचे सूत्र ड्वोराकची आठवण करून देते. परंतु तिचा खरा आधार वर्णमाला आहे.

११/
क आणि ख एकाच कळेवर, ग आणि घ त्यांच्या वरच्या कळेवर. त-थ यांच्या वर द-ध, प-फ यांच्या वर ब-भ. स्वरांतही मधल्या ओळीत ऱ्हस्व इकार-उकार, तर वरच्या ओळीत त्यांची दीर्घ रूपे. पहिलीत पाठ केलेला क्रमच येथे उपयोगी पडतो. मांडणी अनेक भारतीय लिप्यांना समान असल्याने मराठी शिकलेला हात बंगाली किंवा कन्नड लिहितानाही अनोळखी राहत नाही.

१२/
तरीही टंकलेखन संस्थांत रेमिंग्टन देवनागरी शिकलेल्या पिढीसाठी संगणकावर तो पर्याय ठेवावा लागला. आणि आज असंख्य तरुण मराठी लिहितात ते रोमन अक्षरे दाबून, उच्चारानुसार. इनस्क्रिप्ट त्यांच्या संगणकात आधीपासून असते. पण बोटे क्वर्टी शिकून बसलेली असतात. मिलवॉकीत ठरलेली मांडणी अशा रीतीने मराठी लेखनाच्याही मुळाशी पोहोचली आहे.