धातूंचे आयन आणि अनुस्फुरण

1867 साली फ्रीड्रिख गॉपेल्सरोडर या स्विस रसायनज्ञाने ॲल्युमिनियमच्या क्षाराच्या द्रावणात मोरिन हे पिवळे रंगद्रव्य मिसळले असता हिरवे अनुस्फुरण दिसते, असे दाखविले. धातूचा आयन प्रकाशावरून ओळखण्याच्या पद्धतीचा आरंभ येथून धरतात. (ज्याचा पिवळेपणा कोकणात कोणासही अपरिचित नाही, त्या फणसाच्या लाकडातही मोरिन असते.)

पाण्याच्या परीक्षणास ही पद्धती पुरेशी होती. जिवंत पेशीचा प्रश्न निराळा होता. पेशीतील मुक्त कॅल्शियम बाहेरच्याहून सुमारे दहा हजार पटींनी कमी असते, आणि आतील मॅग्नेशियम मात्र त्याच्या हजारो पट. ईजीटीए हे जुने संयुग कॅल्शियमला निवडून बांधी खरे. पण त्यातील नायट्रोजन अणू हायड्रोजन आयनांनाही धरीत, त्यामुळे आम्लतेत अल्प फरक पडताच मापन बिघडे. 1980 साली केंब्रिज येथे रॉजर त्सिएन यांनी हे नायट्रोजन बेंझीन वलयांना जोडून तो दोष काढला. बदल दिसावयास लहान, परंतु पुढील सर्व काम त्यावरच उभे आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी या रेणूंना एस्टरचे आवरण दिले. असा रेणू पेशीपटलातून आपण होऊन आत शिरे, तेथील विकरे आवरण तोडीत, आणि तो आतच अडके. सुईने टोचणे नको.

1985 च्या फ्यूरा-2 या रंगद्रव्यात 340 व 380 नॅनोमीटर तरंगलांबींच्या जंबुपार किरणांनी मिळणाऱ्या अनुस्फुरणाचे गुणोत्तर घेतात. त्यामुळे पेशीची जाडी वा रंगद्रव्याचे प्रमाण यांची बाधा बरीचशी टळते. त्सिएन यांना 2008 चे नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र हिरव्या अनुस्फुरक प्रथिनावरील कार्यासाठी.