कुलाब्याची ओळ

वाशी किंवा बेलापूरच्या शाळेत मुलांना आपल्या शहराचा इतिहास आकड्यांतून दाखवायचे ठरवले, तर पहिली अडचण ओळीच्या नावापाशीच येते. सिडकोची स्थापना १९७० साली झाली. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील गावे घेण्यात आली. यांपैकी पनवेल व उरण तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. १९७१ च्या जनगणनेत कुलाब्याची लोकसंख्या आहे सुमारे १२.६ लाख. १९८१ च्या तक्त्यात कुलाबा शोधू गेलो तर सापडत नाही. तिथे रायगड आहे, सुमारे १४.९ लाख. त्याच वर्षी जिल्ह्याचे नाव बदलले होते. (कुलाबा म्हटले की मुलांना मुंबईचे दक्षिण टोक आठवते. जिल्ह्याचे नाव मात्र अलिबागच्या समुद्रातील किल्ल्यावरून पडले होते.)

आपल्याला हे सांगितले की समजते. संगणक मात्र अक्षरे जुळवतो. दोन्ही तक्ते जोडायला सांगितले, तर तो कुलाब्यापुढे १९८१ चा रकाना रिकामा ठेवतो आणि रायगडापुढे १९७१ चा. शहरासाठी जमिनी घेतल्या जात होत्या, नेमके ते दशक मधोमध तुटते.

म्हणून जोडण्याआधी जुन्या ओळीचे नाव बदलायचे. पायथॉन भाषेतील ‘पांडाज’ या साधनात त्यासाठी ‘रीनेम’ ही आज्ञा आहे. जुने नाव आणि नवे नाव अशी जोडी दिली की काम झाले. आकड्यांना धक्का लागत नाही. मात्र ‘कुलाबा’च्या पुढे चुकून एखादी मोकळी जागा राहिली असेल, तर नाव जुळत नाही आणि संगणक तक्रार न करता तक्ता जसाच्या तसा परत देतो.

दुसरी रीत सोपी दिसते, पण आम्हांला तिची धास्ती वाटते. तीत सगळ्या ओळींची नवी नावे एकदमच चिकटवायची असतात. समजा, १९७१ चे २६ जिल्हे अकारविल्हे लावले आहेत आणि नवी यादीही तशीच लावली. कुलाबा होता औरंगाबादनंतर. रायगड जातो रत्नागिरीनंतर. मग कुलाब्याचे आकडे कोल्हापूरच्या नावावर, कोल्हापूरचे चंद्रपूरच्या, असे सरकत सरकत रत्नागिरीचे आकडे रायगडच्या नावावर पडतात. त्या वेळच्या अविभक्त रत्नागिरीची लोकसंख्या कुलाब्याहून बरीच जास्त होती. त्यामुळे दहा वर्षांत रायगडची वस्ती घटली, असा निष्कर्ष निघेल! नावे २६, ओळी २६. संगणकाला काहीच खटकत नाही. अकोला बरोबर, वर्धाही बरोबर. केवळ वरच्या व खालच्या ओळी तपासणाऱ्याला चूक दिसणारच नाही.

नावाऐवजी क्रमांक वापरला तर? इंग्रजी तक्त्यांत छत्तीसगडच्या रायगढचे आणि आपल्या रायगडचे स्पेलिंग एकच असते, तिथे क्रमांक फार उपयोगी पडतो. २०११ च्या जनगणनेत आपल्या रायगडचा क्रमांक ५२० आहे.

ठाण्याचे कोडे याच्या उलट आहे. २०११ मध्ये या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी १० लाख होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर वेगळा झाला. ठाणे हे नाव तेच राहिले, जिल्हा मात्र लहान झाला. इथे नाव बदलून काहीच साधत नाही. जुन्या ठाण्याशी तुलना करायची तर ठाणे आणि पालघर या दोन ओळींची बेरीजच करावी लागते.