गाईच्या अंडाशयांतील पिवळा पिंड

गाय माजावर येईनाशी झाली, म्हणजे तिला वांझ ठरवून बाजार दाखविण्याची रीत फार जुनी आहे. पण अशा गाईंपैकीं कित्येक खरोखर वांझ नसतात. त्यांच्या अंडाशयांत एक पिवळा पिंड टिकून असतो, आणि तो मावळेपर्यंत गाय माजावर येत नाहीं. हा पिंड काय करतो व कशानें मावळतो, हें उमगण्यास मनुष्यास ३०० वर्षें लागलीं.

हॉलंडांतील डेल्फ्ट शहरीं राहणाऱ्या रेनिअर द ग्राफ या वैद्यानें १६७२ सालीं जननेंद्रियांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. अंडाशयावरील द्रवानें भरलेले फुगे, आणि ते फुटल्यावर त्या जागीं वाढणारे पिंड, यांचें वर्णन त्यांत आहे. पुढें इटलींतील मालपीगी यानें त्या पिंडास त्याच्या रंगावरून नांव दिलें. नांव मिळालें, परंतु काम अज्ञातच राहिलें.

ब्रेस्लौ येथील गुस्टाफ बॉर्न यांचा तर्क असा होता कीं, गर्भ रुजविणारा स्राव हाच पिंड सोडतो. त्यांच्या मृत्यूनंतर लुडविग फ्रेंकेल यांनीं फळलेल्या सशिणींचे पिंड जाळून पाहिले. गर्भ रुजले नाहींत. हा निष्कर्ष १९०३ सालीं प्रसिद्ध झाला. १९३४ सालीं तो स्राव शुद्ध स्वरूपांत हातीं आला. प्रोजेस्टेरॉन तो हाच. गर्भ राखणारा तोच, आणि नवा माज रोखणाराही तोच.

इकडे पशुवैद्य गुदमार्गें हात घालून तो पिंड बोटांनीं दाबून काढीत. गाय माजावर येई. पण कधीं आंत रक्तस्राव होई, कधीं अंडाशय भोंवतालच्या भागास चिकटून बसे. निसर्ग मात्र हेंच काम गाभण न राहिलेल्या गाईंत सुमारें १७ व्या दिवशीं बिनबोभाट उरकतो. तें कसें, याची खूण १९२३ सालीं लिओ लोएब यांना सांपडली: गर्भाशय काढलेल्या गिनीपिगांत पिंड लवकर मावळत नाहीं. अर्थात् निरोप गर्भाशयाकडून येतो. तो निरोप म्हणजे प्रोस्टाग्लँडिन. १९७२ सालीं केंब्रिज येथें रोसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याचा गाईंवर प्रयोग केला. पिंड मावळून गाई थोड्याच दिवसांत माजावर आल्या.

आज हें औषध सुईनें देतां येतें. पण गाभण गाईच्या पोटांतील वासरूं याच पिंडाच्या आधारावर असतें. तिला सुई टोंचली तर गर्भपात होण्याचा धोका असतो. म्हणून पशुवैद्याचा हात आजही आंत जातो, तो पिंड काढण्यासाठीं नव्हे, तर गाय गाभण नाहीं ना, हें आधीं पाहण्यासाठीं.