पहिला अपराध आणि न्यायासन

अल्पवयीन मुलाच्या हातून पहिला अपराध घडला असता त्याला शिक्षा काय द्यावी, ह्याचा खल पुष्कळ झालेला आहे. ती सांगणारा कोण असावा, ह्याकडे मात्र फारसे कोणी लक्ष दिले नाही. आमच्या मते खरा प्रश्न हाच आहे. परक्याने ठोठावलेला दंड मूल भोगते आणि विसरते. ज्यांच्यात रोज वावरायचे त्यांनी दिलेला दोष विसरणे त्यास कठीण जाते.

मुंबई इलाख्यात मुलांविषयीचा कायदा १९२४ साली झाला व १९२७ साली मुंबईत मुलांचे स्वतंत्र न्यायालय आले. ज्या डोंगरीच्या तुरुंगात १८८२ साली टिळक व आगरकर ह्यांनी एकशे एक दिवस काढले, तीच वास्तू पुढे ह्या मुलांकरिता वापरात आली. नाव पालटल्याने तुरुंगाच्या भिंतींची उंची कमी होत नाही, ही गोष्ट वेगळी! तथापि न्यायासनाचे स्वरूप हळूहळू पालटत गेले, हे मान्य केले पाहिजे. २००० सालच्या कायद्याने न्यायाधीशाच्या बाजूस दोन समाजसेवक बसविले आणि त्यांत एक स्त्री असलीच पाहिजे असे ठरविले. सामान्य गृहस्थ न्यायासनावर आला. पण तोही वडीलधाराच.

अमेरिकेत ह्यापुढचे पाऊल पडले. विल्यम जॉर्ज ह्या गृहस्थाने १८९५ साली न्यूयॉर्क प्रांतातील फ्रीव्हिल येथे मुलांची एक वसाहत स्थापून तिचा न्यायनिवाडाही मुलांवरच सोपविला. १९८३ साली टेक्सासमधील ओडेसा शहरात तरुणांचे न्यायालय सुरू झाले. किरकोळ अपराध प्रथमच केलेला व तो कबूल करणारा मुलगा तेथे उभा राहतो; आरोप मांडणारे, बाजू घेणारे व पंच, सारे त्याच्याच वयाचे. शिक्षेत समाजसेवा असतेच, शिवाय पुढे स्वतः पंच होऊन बसावे लागते. ह्या शेवटच्या अटीचे आम्हांस विशेष कौतुक वाटते. काल जो आरोपी होता, त्याला आज दुसऱ्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे लागते. मुले एकमेकांशी फार कठोर वागतात, हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. शाळेतील मॉनिटरचा कारभार ज्याने सोसला आहे, तो तसे करणारही नाही. म्हणूनच अशा ठिकाणी एक जाणता माणूस लागतो.

आपल्याकडे ह्या वृत्तीच्या जवळ जाणारा प्रयोग भिवंडीत झाला. मागांच्या खडखडाटात जगणाऱ्या ह्या शहराने, ज्याच्या महानगरपालिकेच्या नावात निजामपूरही आहे, १९७० व १९८४ साली भयंकर दंगली पाहिल्या. १९८८ साली पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभारल्या. वस्तीतील हिंदू-मुसलमान रहिवासी व पोलीस एकत्र बसत व तंटे वाढण्यापूर्वी बोलून मिटवीत. १९९२-९३ साली मुंबई जळत असता भिवंडी शांत राहिली. पण ह्या समित्यांना कायद्याचा आधार नव्हता. त्या उभ्या होत्या माणसांच्या भरवशावर. २००६ च्या जुलैत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून त्याच शहरात पुन्हा दंगल उसळली व दोन पोलीस मारले गेले.

त्या समित्यांत मोहल्ल्यातील प्रौढ मंडळी बसत. ज्यांची डोकी लवकर भडकतात त्या पोरांना पंच म्हणून बसविण्याचा विचार त्यात नव्हता, हे त्या प्रयोगाचे उणे आम्हांस जाणवते. निजामपुऱ्यातील एखाद्या सोळा वर्षांच्या मुलाने रागाच्या भरात दगड भिरकावला, तर त्याची पहिली गाठ पडते ती पोलिसाशी. शेजारच्या मागावर काम करणारा त्याचा सोबती काय म्हणतो, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

२०१५ च्या कायद्याच्या अठराव्या कलमान्वये बाल न्याय मंडळास अपराधी मुलाकडून समाजसेवा करवून घेता येते, समूहात बसवून त्याला उपदेशही करविता येतो. मुलाचे नाव प्रसिद्ध करण्यास बंदी आहे, ती योग्यच होय. परंतु त्या समूहात कोणी बसावे, हे कलम सांगत नाही. एकदा अपराध करून सावरलेली, त्याच वस्तीतील दोन-तीन मुले तेथे बसवून पाहण्यास मंडळाची परवानगी व एक जाणता कार्यकर्ता, एवढेच लागेल.