खोगीर आणि जीनगर

जुन्या घराण्यांतून दसऱ्याला तलवारीची पूजा अद्याप होते, ढाल आणि भाला संग्रहालयांच्या भिंतींवर मानाने मिरवतात. परंतु ज्या साजावर मांड ठोकून ती तलवार चालविली गेली, तो साज बेळगाव-निपाणीच्या टापूत शोधू जाता हाती लागते ती बहुधा एखादी गंजलेली रिकीब किंवा लगामाची कडी. मराठी स्वाराचे खोगीर म्हणजे लाकडी सांगाड्याचे जीन नव्हे, तर आत पडेल ते ठासून भरलेली जाड गादी. त्या भरणाने भाषेला ‘खोगीरभरती’ हा शब्द दिला, आणि खोगीर स्वतः मात्र कसर व वाळवी यांच्या मुखी पडले.

निपाणीचे सिद्धोजीराव नाईक निंबाळकर, ऊर्फ आप्पा देसाई, हे दुसऱ्या बाजीराव पेशव्याचे सरलष्कर. १८०३ साली इंग्रज सेनापती वेलस्लीच्या मोहिमेत त्यांचे पथक पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्या पथकाबरोबर होते. मराठी घोडदळात सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, आणि घोडा, हत्यार व साज पदरचा आणणारा तो शिलेदार. त्याला मोहिमेपूर्वी मिळणाऱ्या आगाऊ रकमेचे नावच ‘नालबंदी’ होते. शिलेदाराची सारी दौलत घोड्याच्या पाठीवर असे, आणि ती तिथे नीट बसवून देणारा कारागीर म्हणजे जीनगर.

१८१८ साली कंपनी सरकारचा सेनानी मन्रो याने बेळगावचा किल्ला घेतला. १८३९ साली सिद्धोजीरावांच्या मृत्यूनंतर निपाणीचा सरंजाम खालसा झाला. पागा मोडल्या, शिलेदार शेतीला लागले, हे इतिहासकार सांगतात. जीनगराचे काय झाले, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. तो ओतकाम, नक्षीकाम, रंगकाम आणि बुकबांधणी यांकडे वळला, आणि खोगिराचे तंग-दुमची शिवणारे हात कचेऱ्यांच्या वह्यांचे पुठ्ठे शिवू लागले. मला हे स्थित्यंतर कोणत्याही लढाईइतकेच महत्त्वाचे वाटते.

म्हणूनच संग्राहकांना कळकळीची विनंती आहे की, सापडलेली वस्तू घासूनपुसून लखलखीत करू नये. चिकोडीकडच्या एका घरात पाहिलेली रिकिबींची जोडी माझ्या डोळ्यांसमोर आहे: उजवीची पायपट्टी जवळजवळ सपाट, तर डावीची मधोमध बोटभर खोल झिजलेली, कारण स्वार नेहमी डाव्या अंगाने चढे, आणि चढताना त्याच्या देहाचा सारा भार क्षणभर त्या एकाच पट्टीवर पडे.