बारावा रस्ता, पहाटे पावणेचार

रविवार, २३ जुलै १९६७. डेट्रॉइट शहरात बाराव्या रस्त्यावर, क्लेअरमाउंटच्या नाक्याजवळ तुम्ही उभे आहात. पहाटेचे पावणेचार झाले आहेत, पण उकाडा असा की घरात झोप लागत नाही, म्हणून या वेळीही फुटपाथवर माणसं आहेत. समोर एका छापखान्याची इमारत. खाली अंधार, वरच्या मजल्यावर दिवे आणि गाणी. तिथे पाटी एका नागरी संघटनेची आहे आणि धंदा परवान्याशिवाय दारू पाजण्याचा. शहरात असे अड्डे पुष्कळ आहेत, कारण एके काळी गोऱ्यांच्या बारमध्ये कृष्णवर्णीयांना कुणी उभं करत नसे. आज वर मेजवानी आहे. व्हिएतनामहून दोन जवान सुखरूप परत आलेत.

साध्या वेशातला एक पोलीस आधीच आत जाऊन बसलाय. थोड्या वेळाने बाकीचे दार फोडून वर घुसतात. वीसेक माणसं सापडतील असा त्यांचा अंदाज होता, निघतात ८२. एरवी अशा धाडीत दोन-चार जणांना उचलायचं आणि बाकीच्यांना पांगवायचं, असा रिवाज. आज सगळ्यांनाच धरायचं ठरतं. आता इतक्यांना न्यायचं कशातून? गाड्या मागवल्या जातात, फेऱ्या सुरू होतात आणि यात तासभर जातो. तोवर फुटपाथवर दोनशे माणसं जमली आहेत. आधी थट्टामस्करी चालते, पकडलेल्यांना नावानं हाका मारल्या जातात. मग कुणाचा तरी हात पिरगळला, कुणा बाईला ढकललं, अशी कुजबुज पुढून मागे सरकते. शेवटची गाडी वळते आणि एक बाटली येऊन पोलिसांच्या मोटारीची मागची काच फोडते. पोलीस निघून जातात. काही मिनिटांत पहिलं दुकान फुटतं.

पुढचे पाच दिवस मी तुम्हाला भराभर दाखवणार आहे, कारण सिनेमात आणि वर्तमानपत्रांत आजवर तेच जास्त दाखवलं गेलंय. दुपारी टायगर्सचा बेसबॉल सामना चालू असतो, स्टेडियममधून धूर दिसतो, आणि तरीही रेडिओ गप्प असतो. जॉन कॉनियर्स हा इथला कृष्णवर्णीय खासदार मोटारीच्या टपावर चढून भोंग्यातून ‘घरी जा’ म्हणून विनवतो, तेव्हा त्याच्याच मतदारांकडून त्याच्या दिशेनं दगड येतात. टायगर्सचा विली हॉर्टन सामना संपताच खेळाच्या पोशाखातच या वस्तीत येऊन विनवण्या करतो. त्याचंही कुणी ऐकत नाही. वारा सुटलेला असतो आणि आग एका रांगेतून दुसऱ्या रांगेत जाते. दुकानदार काचेवर ‘सोल ब्रदर’ असं खरडतात, म्हणजे हा आपल्यातलाच, सोडा. काही दुकानं वाचतात, काही तरीही जळतात.

दोन ठिकाणी मात्र थांबा.

पहिलं राज्याचे गव्हर्नर जॉर्ज रोमनी यांच्यापाशी. रोमनी रिपब्लिकन, पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहण्याच्या तयारीत. व्हाइट हाउसमध्ये लिंडन जॉन्सन, डेमोक्रॅट. सैन्य हवं असेल तर परिस्थिती हाताबाहेर गेल्याचं लेखी द्या, असं वॉशिंग्टनचं म्हणणं. ‘बंड’ हा शब्द लिहिला तर विमा कंपन्या जळालेल्या दुकानांचे पैसे द्यायला नकार देतील, म्हणून रोमनी तो लिहायला कचरतात. या घोळात सोमवारचा अख्खा दिवस जातो. जॉन्सन टीव्हीवर येतात ते मध्यरात्रीच्या सुमाराला.

दुसरं ठिकाण म्हणजे शहराचे दोन भाग, रात्रीचे. पश्चिमेला नॅशनल गार्ड आहे. बहुतेक मुलं गावाकडची, जवळजवळ सगळी गोरी, आणि अशा कामाचा सराव जवळपास नाहीच. ती रस्त्यावरचे दिवेच गोळ्या घालून फोडतात आणि मग अंधाराला घाबरतात. एका फ्लॅटमध्ये कुणी सिगारेट पेटवतो. काडीचा उजेड म्हणजे लपलेला नेमबाज, असं समजून चिलखती गाडीवरून मशिनगन चालते आणि आत चार वर्षांची मुलगी मरते. आता पूर्वेला या. तिथे ८२व्या आणि १०१व्या एअरबोर्नचे सैनिक आहेत, गोरे आणि कृष्णवर्णीय एकाच तुकडीत, बरेचसे व्हिएतनाममध्ये लढून आलेले. त्यांच्या सेनापतीनं बंदुका रिकाम्या करायला लावल्यात. साऱ्या दंगलीत या सैन्यानं २०१ गोळ्या झाडल्या. शहर एकच, रात्रही तीच. इतकी साधी तुलना समोर असूनही दंगल आटोक्यात आणण्याच्या चर्चेत ती फारसं कुणी काढत नाही, याचं मला कायम नवल वाटतं.

एकूण मेले ४३, त्यांत ३३ कृष्णवर्णीय. अटकेत ७,२०० हून जास्त. वुडवर्ड ॲव्हेन्यूवरच्या अल्जिअर्स मोटेलमध्ये तीन कृष्णवर्णीय पोरांना जवळून गोळ्या घातल्या गेल्या. ज्यांच्यावर खटले झाले त्यांतला एकही दोषी ठरला नाही.

आता मागे चला. बाटली कुणी फेकली, हा प्रश्न पोलिसांचा. तुम्ही विचारायचा प्रश्न असा, की या एका रस्त्यावर इतकी माणसं आली कुठून? इथे चौरस मैलाला २१ हजारांहून जास्त लोक राहतात, शहराच्या सरासरीच्या साधारण दुप्पट.

१९४९ सालात उतरा. हा हेस्टिंग्ज रस्ता, ब्लॅक बॉटम आणि पॅरडाइज व्हॅली या वस्त्यांचा कणा. लाकडी घरं कळकट आहेत, अनेकांत संडास सामायिक. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीयांची स्वतःची दुकानं, दवाखाने, औषधालयं, न्हाव्यांची दुकानं, चर्चं, ब्लूज गाणाऱ्यांचे क्लब आहेत. दक्षिणेतला जाच सोडून मोटारींच्या कारखान्यांत काम मिळवायला आलेल्यांनी हे उभं केलंय. महापालिकेच्या नकाशावर मात्र या भागावर गलिच्छ वस्ती असा शिक्का आहे. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत वस्ती पाडली जाईल. काही जागा बरीच वर्षं गवत माजलेली पडून राहील, मग तिथे मध्यमवर्गासाठी देखण्या इमारती येतील. आणि खुद्द हेस्टिंग्ज रस्त्यावरून क्रायस्लर फ्रीवे जाईल. भाडेकरूंना भरपाई जवळपास नाहीच. दुकानदाराला गिऱ्हाईक घेऊन दुसरीकडे जाता येत नाही. सगळे निघाले आणि त्यांतले पुष्कळ बाराव्या रस्त्याच्या आसपास येऊन कोंबले गेले, कारण दुसरीकडे त्यांना कुणी घरच देईना.

का देईना? त्यासाठी आणखी मागे जायला हवं. १९४१, शहराची उत्तर हद्द, एट माइल रस्त्याच्या अलीकडे. समोर काँक्रीटची नवी भिंत आहे. सहा फूट उंच, फूटभर जाड, अर्धा मैल लांब. हात लावून बघा, तुरुंग नाही, किल्ला नाही, घरांच्या परसांमागून नुसती भिंत गेलीय. एका बिल्डरला पलीकडे गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. घरकर्जाला हमी देणाऱ्या सरकारी खात्यानं नकार दिला, कारण शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती होती आणि अशा शेजारानं मालमत्तेची किंमत घसरते, असं त्या खात्याच्या नियमांतच होतं. बिल्डरनं भिंत घातली. हमी मिळाली. पलीकडच्या कुटुंबांना स्वस्त व्याजाचं, लांब मुदतीचं कर्ज मिळू लागलं, अलीकडच्यांना तेच दार बंद. इथे कुणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही. अर्ज आला, तपासला, मंजूर झाला.

आता जरा स्वतःकडे बघा. सावंतवाडीचे असा की साताऱ्याचे, १९४१ सालच्या डेट्रॉइटमध्ये तुम्ही भिंतीच्या कुठल्या बाजूला? खरेदीखतांतली अट म्हणते की या घरात ‘कॉकेशियन’ वंशाच्या लोकांखेरीज कुणी राहू नये. आणि हिंदुस्थानी माणूस कायद्यानं ‘गोरा’ नव्हे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात १९२३ सालीच दिलेला होता. थिंड यांनी आपण उच्चवर्णीय आर्य असल्याचा दाखला पुढे केला होता, तो काही चालला नाही. तेव्हा तुम्ही अलीकडेच.

दोन वर्षं पुढे, १९४३. युद्ध चालू आहे, मोटारींच्या कारखान्यांतून विमानांची इंजिनं निघताहेत. पॅकार्डच्या कारखान्यात तीन कृष्णवर्णीय कामगारांना बढती मिळाली म्हणून सुमारे २५ हजार गोरे कामगार काम टाकून बाहेर पडले. त्याच जून महिन्यात, २० तारखेच्या रविवारी, उकाड्यानं हैराण झालेलं शहर बेल आइलच्या बागेत लोटलंय. संध्याकाळी पुलावर हाणामाऱ्या होतात. रात्री तुम्ही हेस्टिंग्ज रस्त्यावरच्या एका क्लबमध्ये आहात, नाच रंगात आलाय. एकजण माइक ओढून घेतो आणि सांगतो की गोऱ्यांनी एका कृष्णवर्णीय बाईला तिच्या बाळासकट पुलावरून फेकलं. क्लब रिकामा होतो. इथून थोड्या अंतरावर गोऱ्यांच्या घोळक्यात तोच पूल आणि तीच बाई आहे, फक्त बाई गोरी आणि मारणारे कृष्णवर्णीय. दोन्ही गोष्टी खोट्या. सकाळी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ट्राममधून माणसं खेचून बाहेर काढली जाताहेत. ३४ मेले, २५ कृष्णवर्णीय. त्यांतले १७ पोलिसांच्या गोळ्यांनी. पोलिसांच्या गोळीनं मेलेला गोरा एकही नाही.

म्हणजे १९६७ च्या पोलिसांची ओळख या वस्तीला २४ वर्षं जुनी होती. तेव्हाच्या खात्यात दर वीस पोलिसांत जेमतेम एक कृष्णवर्णीय आणि शहरात दर तीन माणसांत एकाहून जास्त. ‘बिग फोर’ नावानं ओळखली जाणारी मोठी मोटार गल्लीत शिरायची, आत चार धिप्पाड पोलीस, कोपऱ्यावर उभ्या पोराला ‘ए पोरा’ करून भिंतीला लावायचं. त्याचा बाप शेजारी उभा असला तरी त्यालाही ‘ए पोरा’च. कारखान्यातली नोकरी असती तर हेही गिळलं असतं कदाचित, पण १९४७ ते १९६३ या काळात शहरातल्या कारखान्यांमधल्या १ लाख ३४ हजार नोकऱ्या गेल्या. कारखाने उपनगरांत गेले, तिथे घर घ्यायची या लोकांना सोय नव्हती. आणि या सगळ्यात डेट्रॉइटचं कौतुक चालू होतं! तरुण उदारमतवादी महापौर जेरोम कॅव्हना, वॉशिंग्टनहून येणारा निधी, वर्णसंबंधांतलं आदर्श शहर म्हणून लौकिक. १९६३ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत लाखाहून जास्त लोक वुडवर्डवरून चालले होते, महापौरही त्यांत होते.

आता १९६८ चा फेब्रुवारी. दंगल पेटलेली असतानाच जॉन्सन यांनी नेमलेल्या कर्नर आयोगाचा अहवाल हातात घ्या. त्यात कटाचा पुरावा सापडलेला नाही. घरं, नोकऱ्या, शाळा, पोलीस या साऱ्यात गोऱ्या समाजानं आणि त्याच्या संस्थांनी ही कोंडी बांधली आणि टिकवली, असं आयोग स्वच्छ सांगतो. आयोगात बहुतेक सदस्य मध्यममार्गी राजकारणी होते, म्हणून तर हे विशेष. पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. जॉन्सन यांनी अहवाल समारंभानं स्वीकारलासुद्धा नाही. आयोगांच्या अहवालांचं पुढे काय होतं, हे श्रीकृष्ण आयोग पाहिलेल्या वाचकाला मी काय सांगणार?

आणि ‘दंगलीनं डेट्रॉइट बुडवलं’ हे जे सर्रास म्हटलं जातं, ते आकडे मान्य करत नाहीत. शहराची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाख होती, १९६० मध्येच पावणेसतरा लाखांवर आली. ओहोटी आधीच लागली होती, दंगलीनं तिचा वेग वाढवला. त्यानंतर गोरी कुटुंबं झपाट्यानं गेली, त्यांच्यामागे दुकानं, विमा आणि करांचा पैसा. १९७३ मध्ये कोलमन यंग पहिले कृष्णवर्णीय महापौर म्हणून निवडून आले, तेव्हा त्यांच्या हाती आलं ते देणेकऱ्याचं घर. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मिलिकेन खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की शाळांमधली वर्णभेदाची फाळणी मोडायला उपनगरांना भाग पाडता येणार नाही. त्या निकालानं एट माइलच्या पलीकडे गेलेल्यांना कायमची खात्री मिळाली. माझ्या मते शहराचं नशीब बाटलीनं फिरलं नाही, या एका मतानं जास्त फिरलं. २०१३ मध्ये डेट्रॉइट दिवाळखोर झालं, डोक्यावर सुमारे १८ अब्ज डॉलरचं देणं.

आता आजच्या तारखेला या. ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्स या डेट्रॉइटच्या उपनगरांत पुष्कळ मराठी घरं आहेत. गणपती दणक्यात होतो, मुलांच्या शाळा उत्तम आहेत, घरांच्या किमती चढत्या. सगळी एट माइलच्या पलीकडे. १९२३ च्या निकालानं ज्यांना भिंतीअलीकडे टाकलं असतं, त्यांची नातवंडं-पतवंडं आज पलीकडे राहतात. त्यांनी कुणाचं काही हिसकावलेलं नाही, घर घेताना एजंटनं दाखवलेला शाळांचा दर्जा पाहिला, इतकंच. पण तो दर्जा कुठल्या निकालातून आला, हे त्यांच्या गप्पांत येताना मी ऐकलेलं नाही.

तुमचं कुणी तिकडे असेल आणि तुम्ही उन्हाळ्यात जाणार असाल, तर हेन्री फोर्ड संग्रहालय आणि मॉल झाल्यावर एक दुपार राखून ठेवा आणि त्यांना अल्फॉन्सो वेल्स मैदानावर घेऊन चला म्हणा. मैदानाच्या कडेला ती १९४१ ची भिंत आहे. २००६ मध्ये रहिवाशांनी आणि कलाकारांनी तिच्या काही भागावर चित्रं रंगवली. पाडलेली नाही. त्यांच्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो.